चाळणीला ऊन

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात नव्याने मागू नकोस.

उड्डाण टीव्हीवर पाहिलं. तुझे भाऊजी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागले आणि मांडीवरची कात्री त्यांच्याच पायावर पडली. फारसं लागलं नाही, पण कौतुक करून घ्यायचं होतं तेवढं करून घेतलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. उपग्रह वर पोचणं ही रॉकेटवाल्यांची परीक्षा. आपली अजून सुरूसुद्धा झालेली नाही.

तू आता त्या नियंत्रण कक्षात माझ्या चाळणीचा राखणदार, म्हणून शेवटचं एकदा सांगते. (म्हणजे अजून दहा वेळा सांगेन.) उपग्रहावरची बाकीची उपकरणं त्यांचे त्यांचे लोक सांभाळतील. मी बांधलेलं हे उपकरण, आपली चाळणी, हवेच्या पार वरच्या थरात शिरणारे विद्युतभारित कण मोजणार. कण आत येतो, वाकड्या पत्र्यांमधून वाट काढतो आणि काचेच्या त्या पातळ चकतीवर आदळतो. चकतीला लाखो बारीक भोकं आहेत, पण तिला हजारो व्होल्ट दिल्याशिवाय एक कणही दिसत नाही. आणि आत डिंकाची, रंगाची थोडी जरी वाफ उरलेली असताना व्होल्ट दिलेस, तर ठिणगी पडते आणि चकती जळून जाते. वर जाऊन बदलणार कोण, तुझा काका?

तेव्हा आधी वाफ निघून जाऊ दे. मग उपग्रह वळवून चाळणीच्या बाजूला चांगलं ऊन द्या, गाद्यांना देतो तसं. म्हणजे कोपऱ्यात गोठून बसलेलं असेल तेही बाहेर पडेल. मग पुन्हा थांबा. मग चालू करा. डोळ्यांत तेल घालून बस. आमच्या धूळबंद क्लीन रूममध्ये केसांना तेल लावून आलेल्याला दारातूनच परत पाठवायचे, पण म्हण चालेल.

मी सध्या रजेवर. गुडघे. घरी बसण्याचा फायदा एकच, अंगाला दोरे चिकटले तरी कोणी ओरडत नाही. तीस वर्षं मी दाराबाहेर उभी राहून कपडे झटकले आणि मग कामावर गेले. तरी एकदा तपासणीच्या दिव्याखाली बाहीवर ह्यांचा लाल दोरा चमकलाच, आणि सगळ्यांदेखत मला परत पाठवलं. शिंप्याशी लग्न केलेल्या बाईने क्लीन रूममध्ये नोकरी धरू नये.

पहिलं चित्र आलं की कागदावर छापून पाठव. चांगल्या मोठ्या कागदावर. आणि फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं ‘हो ताई, हो ताई’ करतोस. कागदावर खरं बोलतोस.

ताई


१३ फेब्रुवारी

ताई,

बघ, फोन न करता लिहितोय. शेजारच्या टेबलावरचा बॅटरीवाला विचारतो, ‘प्रेमपत्र का?’ म्हटलं, ‘वरिष्ठांचा मेमो आलाय, त्याचा खुलासा देतोय.’

आमच्या कक्षाला खिडकी नाही. माझ्या खुर्चीचा एक हात निखळलेला आहे आणि तो चिकटपट्टीने बांधायचा हक्क फक्त माझा. उपग्रह दिवसातून काही वेळा आमच्या टप्प्यात येतो. तेवढा वेळ सगळे तोंडातला घास चावायचे थांबतात. तो गेला की पुन्हा चहा, पुन्हा कुरकुर.

चाळणीतली वाफ मोजणाऱ्या दाबमापकाचा आकडा रोज थोडा थोडा खाली येतोय. आपली बाजू सध्या सूर्याकडे पाठ करून आहे, पूर्ण सावलीत, गारठलेली. ऊन द्यायची पाळी मार्चमध्ये. तोवर टोमणे खायचे. फोटोवाल्यांनी पहिल्याच आठवड्यात ढगांचे फोटो काढून भिंत भरून टाकली. आपल्या चौकटीत अजून ‘बंद’ एवढंच. येता-जाता विचारतात, ‘काय, चाळणी पाणी धरते का?’

एक विचारू? तुझं अक्षर एवढं मोठं कसं झालं? पानावर जेमतेम आठ ओळी, त्याही उतरत्या. तूच ना मला गिरवायला बसवायचीस आणि अक्षर ओळीखाली गेलं की पट्टी मारायचीस!

गुडघ्यांना जप. भाऊजींच्या पायाला आणि कात्रीला माझा नमस्कार.

बारक्या


१९ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या ताईला न दाखवता लिहितोय, कापड बेतायच्या टेबलाशी उभ्याउभ्या. ती आत आहे. तुझ्या अक्षराच्या प्रश्नावर ती म्हणाली, ‘कळव त्याला, नवीन पेन आहे, निब जाड आहे.’ पेन जुनंच आहे.

गुडघे ठणठणीत आहेत. डोळे गेले. म्हणजे एक मागच्या वर्षीच गेला, तो तिने कोणाला कळू दिला नाही, मलासुद्धा चार महिन्यांनी. आता दुसऱ्याची नस वाळत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिने, पुढे उजेड-अंधार तेवढा कळेल. औषध आहे, उपयोग नाही. तुझं पत्र तिने खिडकीत बसून भिंगाखाली एकेक शब्द करत वाचलं. सगळी दुपार गेली. वाचून झाल्यावर म्हणाली, ‘याचं अक्षर अजून कोंबडीच्या पायाचंच.’

ती काही मागत नाही. पण दुकानातला मोठा आरसा तिने काढायला लावला आणि त्याच्या जागी खिळा ठोकून घेतला, त्या पहिल्या चित्रासाठी. दिवसातून दोनदा येऊन खिळा बघून जाते. गिऱ्हाईक विचारतं, आरसा कुठाय? मी म्हणतो, मी आहे ना, मी सांगतो कसं दिसतंय ते. धंदा बसेल असं दिसतंय.

मला तुमच्यातलं ओ की ठो कळत नाही. एवढंच विचारतो, ते चित्र लवकर येईल का रे? तिला दिसतंय तोवर?

डोळ्यांचं मी लिहिलं हे तिला कळू देऊ नकोस. तुला माझी शपथ.

भाऊजी


२७ फेब्रुवारी

ताई,

आनंदाची बातमी. दाब ठरलेल्या मर्यादेच्या खाली गेला!

मी आमच्या प्रकल्पप्रमुख बाईंशी बोललो. ऊन द्यायला उपग्रह वळवायचा तर फोटोवाल्यांचं काम आठवडाभर ठप्प, ते आधीच नाक मुरडताहेत. बाई म्हणाल्या, आकडा इतका चांगला असेल तर उन्हाचा टप्पा गाळता येईल, पण चाळणी जिने केली तिने लेखी ‘हो’ म्हटलं तरच.

तर तू फक्त दोन ओळी लिही. दाब पुरेसा खाली आहे, माझी हरकत नाही. बस्स. पुढच्या आठवड्यात चालू करतो आणि मार्चच्या मध्याला चित्र तुझ्या भिंतीवर. मी सगळं नीट तपासलंय, धोका नगण्य आहे.

पत्र मिळाल्या मिळाल्या उत्तर टाक. उशीर करू नकोस.

बारक्या

ता.क. मीही नवीन पेन घेतलंय. म्हणून अक्षर मोठं.


६ मार्च

बारक्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, माझंच वाचताना चुकतंय.

धोका नगण्य! तूच त्याआधीच्या पत्रात लिहिलंयस, आपली बाजू सावलीत गारठलेली आहे. सावलीत दाब खाली येणारच. वाफ गेलेली नाही, थिजून बसली आहे. चकती चालू झाली की तापणार, वाफ सुटणार, ठिणगी पडणार. हे तुला माहीत नाही असं तू मला सांगू नकोस, मीच शिकवलंय तुला. माहीत असून लिहितोयस, म्हणजे पोटात काहीतरी वेगळं आहे. या वर्षी बढतीची यादी लागायची आहे ना? उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

आधीच्या उपग्रहावरच्या पहिल्या चाळणीचं तुला कोणी नीट सांगितलं नसेल. तू तेव्हा कॉलेजात होतास आणि मी घरी त्यावर बोलत नव्हते. मोठे पाहुणे केंद्र बघायला येणार होते. त्यांच्यासमोर पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे, म्हणून ऊन न देता चालू करायचं ठरलं. मी नको म्हटलं. तोंडी म्हटलं, ऐकतो कोण! पाहुणे चहाचे कप हातात घेऊन उभे, आणि पडद्यावर एक उंच, सुरेख टोक आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, क्षणभर.

ते टोक म्हणजे ठिणगी होती. त्यानंतर तो उपग्रह वर्षानुवर्षं फिरत राहिला, आंधळा. मी रोज कामावर जात होते आणि तो माझ्या डोक्यावरून जात होता. तेव्हापासून मी कशालाच टाळ्या वाजवत नाही.

माझा लेखी ‘हो’ मिळणार नाही. लेखी ‘नाही’ सोबत जोडला आहे, तो बाईंना दे. आणि बढती मिळाली तर मला कळवू नकोस.

ताई


१३ मार्च

ताई,

तुझा ‘नाही’ बाईंना दिला. त्यांनी दोनदा वाचला आणि फाईलला लावला. ऊन द्यायचं ठरलं आहे.

आता शपथ मोडतो. भाऊजींना काही बोलू नकोस, बोलायचं ते मला बोल.

बढती मला नको होती. तुझ्या डोळ्यांचं मला ठाऊक झालं होतं. गुडघ्यांची थाप तू मारलीस, निबाची मारलीस, आणि मी इकडे चिकटपट्टीच्या खुर्चीत बसून हिशेब करत होतो की आधी काय संपतं, तुझी नजर की आमची वाट बघणं. कसाही मांडला तरी नजर आधी संपत होती. ऊन द्यायचं, वाफ सुटायची, ती विरायची, मग हळूहळू व्होल्ट वाढवायचे. मे महिना उजाडणार.

सावलीचं मला माहीत होतं. बाईंना मी ते सांगितलं नाही. तुझ्या सहीखाली ते झाकलं जाईल, असं मला वाटलं. चकती जळेलच असं नाही, वाचलीही असती. ती वाचली असती तर तू तुझ्या डोळ्यांनी चित्र बघितलं असतंस, आणि जळली असती तर मी दोष घेतला असता. हा सौदा मला मंजूर होता. खरं सांगू, अजूनही मंजूर आहे. तू अजून ‘हो’ लिहिलंस तर मी बाईंकडे जाईन.

आई गेल्यावर तू मला वाढवलंस. मी तुला एक कागद दाखवू शकत नाही, हे मला सहन होत नाही.

बारक्या


२२ मार्च

बारक्या,

तू मोठ्या अक्षरात लिहिलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी बढतीवर घसरले. त्याबद्दल कान धरते.

भाऊजींना बोलले. दोन दिवस घरात शिलाई मशीनशिवाय कोणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरले, मीही तसाच प्यायले, मग दोघांनाही हसू आलं.

रडले. ते लिहून टाकते, म्हणजे विचारायला नको. होय, मला ते चित्र बघायचंय. किती, ते सांगता येत नाही. सकाळी उठते तेव्हा आधी खिळा दिसतोय का बघते. आता तो दिसत नाही, तो कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणून दिसल्यासारखा वाटतो.

पण नीट ऐक. पाहुण्यांसाठी एक चाळणी जाळली. आता दुसरी बहिणीसाठी जाळणार? पाहुणे निदान परके होते.

त्या चकतीचं भोक न भोक मी सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं आहे. महिनोन् महिने. डोळे शाबूत होते तेव्हाचं ते काम. माझ्या नजरेत जे काही चांगलं होतं ते तिथे वर आहे, रे. इथे घरात उरलंय ते असं तसं. तुला माझे डोळे वाचवायचे असतील तर ते वाचव. ऊन दे. सावलीचं तू स्वतः बाईंना सांग, माझ्या कागदाआड लपू नकोस. आणि मला दिसेनासं झालं म्हणून एक दिवससुद्धा घाई करू नकोस.

‘हो’ लिहिणार नाही. पुन्हा विचारलंस तर पत्र न उघडता परत करीन.

यापुढची पत्रं भाऊजींच्या हातची येतील. हे एवढं लिहायला मला चार दिवस लागले.

ताई


१५ एप्रिल

ताई,

बाईंना सावलीचं सांगितलं. त्यांनी फाईलमधला तुझा कागद काढून पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, ‘मला आधी सांगायला हवं होतं तुम्ही.’ एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग उपग्रह वळवला. आपल्या बाजूला ऊन लागलं. पहिले दोन दिवस आकडा जागचा हलला नाही. फोटोवाला येऊन म्हणाला, ‘बघा, आमचा आठवडा फुकट घालवलात.’ मलाही मनातून तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या दिवशी उपग्रह टप्प्यात आला आणि आकडा वर होता. पुढच्या वेळी आणखी वर. मर्यादेच्या पुष्कळ वर, दाबमापक बिघडलं की काय असं वाटावं इतका. बॅटरीवाला माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बाई आल्या. फोटोवालासुद्धा आला.

व्होल्ट चालू असते तर चकती त्याच दिवशी संपली असती. ‘वाचलीही असती’ असं मी तुला लिहिलं होतं. नसती वाचली. मी जाळली असती, ताई. तुझ्यावरच्या मायेपोटी तुझंच काम जाळलं असतं आणि तुला एका ठिणगीचं चित्र पाठवलं असतं. तू ते भिंतीवर लावलं असतंस.

आता आकडा हळूहळू उतरतोय. वाट बघतोय. या वेळी खरीखुरी.

हे पत्र तुला दिसतंय का, की भाऊजी वाचून दाखवताहेत?

बारक्या


२६ एप्रिल

बारक्या,

(ती सांगते आहे, मी लिहितो आहे. – भाऊजी)

तुझं पत्र ह्यांनी वाचून दाखवलं. ‘ठिणगी’ आली तिथे ह्यांचा आवाज बसला. (सर्दी होती.) सर्दी नव्हती.

मला आता खिडकी कोणत्या बाजूला आहे तेवढं कळतं. एका सकाळी उठले आणि कळलं की आज कालच्यापेक्षा कमी आहे आणि उद्या यापेक्षा जास्त नसणार आहे. घाबरले. मग भूक लागली. माणसाला भूक लागते, हे बरं आहे.

घरात फुकट बसवत नाहीत. भाऊजींनी बटणांचा डबा पुढ्यात ठेवलाय. (तिनेच मागितला.) बोटांनी बटणं निवडते, दोन भोकांची, चार भोकांची, कड तुटलेली. कापडाची सुलटी-उलटी बाजू, कुठे टीप सुटली आहे, सगळं बोटांना कळतं. तीस वर्षं ही बोटं हातमोज्यांत होती, त्यांना काय काय कळतं याचा मला पत्ताच नव्हता. आणि गंमत म्हणजे जी वस्तू आयुष्यात सर्वांत जास्त हाताळली, त्या चाळणीला मी उघड्या बोटाने एकदाही हात लावलेला नाही. लावला असता तर तिथेच नोकरी गेली असती.

तू स्वतःला फार कोसू नकोस. तुझी चूक मायेची होती, पाहुण्यांची चहाच्या कपाची होती. चकतीला दोन्ही सारख्याच, ते खरं. पण मी चकती नाही.

चित्र आलं की पाठव. त्याचं काय करायचं ते मला माहीत नाही. खिळा काढू देत नाही मी. (त्या खिळ्याला परवा एका गिऱ्हाइकाची बाही अडकून फाटली. फुकट शिवून दिली.)

ताई (सही तिची आहे, मी फक्त हात धरला.)


१८ मे

भाऊजी,

हे पत्र ताईला लगेच वाचून दाखवू नका. आधी तुम्ही वाचा.

चाळणी चालू झाली. तीन दिवस आम्ही पायरी पायरीने व्होल्ट वाढवत होतो, प्रत्येक पायरीवर थांबत. शेवटच्या पायरीला पडद्यावरची रेघ हलली. वाटलं, ठिणगी. पण रेघ खाली आली, पुन्हा थरथरत चढली, पुन्हा आली. ते कण होते, भाऊजी. हवेच्या वरच्या थरात शिरणारे खरे कण, एकेक मोजलेले. सगळे माझ्याकडे बघत होते, टाळ्या वाजवू की नको म्हणून. मी मान डोलावली. मग वाजवल्या. बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘तुमच्या ताईंना माझा नमस्कार कळवा.’

सोबत पहिलं चित्र छापून पाठवतोय, मोठ्या कागदावर. डावीकडून उजवीकडे वेळ. रेघ जितकी वर, तितके कण जास्त. एवढंच आहे त्यात.

माझं एक काम करा. ताईला कागद देऊ नका, तिच्या हाताला तो गुळगुळीतच लागणार. ही रेघ तुम्ही जाड कापडावर शिवा, बोटाला लागेल अशी, उठावदार. तुमच्याशिवाय हे कोणाला जमणार?

बारक्या


३० मे

बारक्या,

चित्र शिवलं. आधी चुकलं, मग शिवलं. ते सांगतो.

कोटाच्या आत घालतो ते जाड कॅनव्हास घेतलं, लाल दोरा तिहेरी केला. खडूने रेघ उतरवून घेतली. मधला भाग फार दातेरी होता, खाली-वर, खाली-वर. मला वाटलं, तुमचं छापायचं यंत्र थरथरलं असणार. शिंप्याच्या हाताला वाकडी रेघ सोसत नाही. मी तेवढा भाग साफ केला, छान गोलाई दिली, गळ्याला देतो तशी. इस्त्री केली आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने डावीकडून बोट फिरवायला सुरुवात केली. चेहरा इतका उजळला, की मला वाटलं, दिसतंय की काय हिला. मध्यावर बोट थांबलं. मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं. म्हणाली, ‘हे तुम्ही सरळ केलंत?’ मी म्हटलं, ‘जरासं.’ म्हणाली, ‘कण असे रांगेत येत नाहीत हो. असं सरळ फक्त खोटं असतं.’

रागावली नाही. पण मला तिच्या त्या पाहुण्यांमधला एक झाल्यासारखं वाटलं.

मग दोघांनी मिळून तेवढा भाग उसवला. मी टाके कापत होतो, ती चिमटीने दोरे ओढत होती. मग मी कागद खिडकीला धरून प्रत्येक दाता जसाच्या तसा घेतला, एकही न गाळता. आठवडा गेला. एका कोटाचं गिऱ्हाईक रागावून दुसरीकडे गेलं, जाऊ दे.

काल पुन्हा तिच्या हाती दिलं. पुढचं मी लिहीत नाही. आज तिने कागद मागितला आणि मला म्हणाली, ‘दुकानात जा.’ मदतीला थांबू दिलं नाही. तिने काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही, पाकिटात घालतो आहे.

खिळा काढला. भिंतीवर खाली ठोकला, तिच्या हाताच्या उंचीवर.

भाऊजी


बारक्या

ओळी एकमेकींवर चढल्या असतील. पट्टी मार.

चित्र पाहिलं. डावीकडे शांत आहे, बोट सपाट जातं. मग चढ. मग ते दाते. तिथे माझं बोट दर टाक्याला अडतं आणि दर वेळी कळतं, हे कण आले, हे ओसरले, हे परत लोटले. पहिल्या चाळणीने मला एकच टोक दाखवलं होतं, उंच, सुरेख. हे कसं ओबडधोबड आहे. हे खरं आहे.

तुझं आणि माझं भांडण मिटलं. आता मला फसवायचं असेल तर बोटांना फसवावं लागेल, आणि ती मोठी खट आहेत.

आयुष्यभर ज्या दोऱ्याला अंगावरून झटकून टाकलं, त्याच दोऱ्याने हे शिवलंय. आता रोज सकाळी हातमोजे न घालता, हात न धुता, चाळणीच्या या रेघेला हात लावीन. कोणी परत पाठवणार नाही.

काल दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. तरी मी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ वाजवल्या. ह्यांना वाटलं, मी बोलावते आहे, म्हणून मशीन सोडून धावत आले. मग तेही वाजवायला लागले.

ताई